बायकोच्या हातचं

बाजाराच्या दिवशी शानबोर डुकराचं मटण घ्यायला आला की मोनलांग त्याला इतर गिऱ्हाइकांसारखंच तोलून देई. तुकडा जास्त नाही, तुकडा कमी नाही. शानबोर पैसे ठेवी, मोनलांग ते ओंडक्याखालच्या पेटीत टाकी, दोघं एकमेकांना सुपारी देत आणि आपापल्या कामाला लागत. शेजारी कोंबड्या विकणारी बाई कधीमधी म्हणे, "अरे, मेव्हणा ना तुझा? एखादं हाड तरी टाक वर." मोनलांग हसून सुरा पुसत राही.

ते मटण कुठल्या चुलीवर चढणार हे त्याला ठाऊक होतं. त्याची बायको डापलिन ते शिजवणार होती आणि त्याचीच तीन पोरं ते खाणार होती. पण त्या घरात खाण्याचं आणायचं ते त्या घरच्या पुरुषानं. त्या घरचा पुरुष म्हणजे शानबोर, डापलिनचा भाऊ, पोरांचा मामा. मोनलांग हा बाप. बापानं अंधार पडल्यावर यावं, पोरांना मांडीवर घ्यावं, ताप आला तर उशाशी बसावं, लग्नकार्यात पुढं उभं राहावं. ताटात काय पडायचं ती जबाबदारी मामाची.

आणि मोनलांग स्वतः चार पोरांचा मामा होता. धाकटी बहीण बियांग हिच्याकडं आईनं घर सोपवलं होतं, धाकटीकडंच जातं ते. डुकरं विकत घ्यायची, कापायची, जोवाईच्या बाजारात विकायची, हा त्याचा धंदा. दिवस मावळला की पेटीतले पैसे तो बियांगच्या पुढ्यात ओती. ती त्यातून तांदूळ, मीठ, पोरांच्या वह्या, पुढच्या डुकराची रक्कम असं सगळं काढी आणि भावाला तंबाखूपुरते परत देई. त्यात कधी कुरकुर झाली नाही. तो बियांगच्या चुलीपाशी जेवे, हात धुई आणि डापलिनच्या घराची वाट धरी. त्याच वेळी बियांगचा नवरा ओलिन आपल्या आईच्या घरी जेवून बियांगकडं यायला निघालेला असे. उतारावर नळाच्या टाकीजवळ दोघांची बहुतेक रोज गाठ पडे.

"जेवलास?" ओलिन विचारी.

"जेवलो. तू?"

"जेवलो."

एवढं बोलून एक खाली जाई, एक वर.

मोनलांगच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्यानं बायकोच्या घरी चहा घेतला होता, सुपारी खाल्ली होती, सणाला तांदळाची दारू घेतली होती. भात खाल्ला नव्हता. जोवाईत आता कितीतरी जण बायकोच्या घरी राहायला गेले होते, काहींनी तर वेगळी घरं बांधली होती. पण या दोन घरांनी जुनी रीत सोडली नव्हती, आणि सोडावी असं कोणाला कधी वाटलंही नव्हतं, कारण ती चालत होती.

मग शानबोरनं लग्न केलं.

शिलाँगची मुलगी, चर्चमधलं लग्न. शानबोर तिथं एका गॅरेजमध्ये कामाला लागला आणि सासूच्या घरी राहायला गेला. निघताना त्यानं आईला सांगितलं, "पैसे पाठवत जाईन. नांगरणीला तर येणारच." म्हातारीनं मान डोलावली. पहिल्या वर्षी तो शब्दाला जागला. नांगरणीला चार दिवस येऊन राहिला, कापणीलाही आला. पैसेही येत होते. मग त्याला मूल झालं. पैसे एका महिन्याआड येऊ लागले, मग सणावारी, मग नुसता फोन येऊ लागला.

डापलिन हातपाय गाळून बसणारी नव्हती. परसात पिकेल ते, मोहरीची पानं, लसूण, रताळी, ती बाजारात नेऊन विकू लागली. पण परसातल्या पाल्यावर पाच तोंडं किती चालणार? मोनलांगला घरातला फरक दिसत होता. तो संध्याकाळी जाई तेव्हा जेवणं झालेली असत, चुलीवर उलटी ठेवलेली भांडी असत. पूर्वी घरात शिरताना तळलेल्या चरबीचा वास येई. आता आंबवलेल्या सोयाबीनचा येई, तोही रोज नाही. विचारलं तर उत्तर ऐकावं लागतं, आणि उत्तर ऐकलं की काहीतरी करावं लागतं.

हिवाळा सरत आला होता. बाजाराच्या दिवशी गाळ्यापाशी गर्दी होती. दोन बायकांच्या मधून त्याची थोरली मुलगी इबान पुढं आली. बाराएक वर्षांची पोर, पाठीला शाळेची पिशवी. यापूर्वी ती मटण घ्यायला कधी आली नव्हती.

"पाव किलो," ती म्हणाली. "आणि हाडं वेगळी मिळत असतील तर थोडी. आई म्हणाली, हाडं स्वस्त असतात."

मोनलांगनं पाव किलो तोललं. हाडं घातली. मग बरगडीचा एक चांगला जाड तुकडा उचलून त्यानं पानावर ठेवला, वर काळजाचा एक काप टाकला आणि पुडी बांधली. तराजू मध्ये आला नाही.

"आईनं एवढं नाही सांगितलं," इबान हळूच म्हणाली.

"घेऊन जा."

"बाबा, आई रागावेल."

"जा म्हटलं ना. मागं लोक उभे आहेत."

पोर गेली. कोंबडीवालीनं या वेळी नुसतं पाहिलं. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

संध्याकाळी बियांगकडं जेवून तो वर गेला. डापलिन दारातच बसून लसणाच्या जुड्या बांधत होती. सासू आत शेगडीजवळ पेंगत होती. पोरं अभ्यासाच्या नावाखाली भांडत होती. डापलिन उठली, आत गेली आणि पानात बांधलेली पुडी आणून त्याच्या हातात दिली. उघडून बघायची गरज नव्हती, वजनावरूनच त्याला कळलं.

"पाव किलोचे पैसे दिले होते," ती म्हणाली. "पाव किलो आम्ही खाल्लं. हे जास्तीचं आहे."

"माझ्या पोरांना दिलं."

"तुझ्या पोरांना कशानं दिलंस? डुकराला पैसे कोणी घातले? बियांगनं. हे तिच्या घरचं आहे. तिच्या पोरांच्या ताटातलं काढून माझ्या पोरांच्या ताटात घालतोस, आणि तेही तिला न सांगता?"

"एवढ्याशा तुकड्यानं तिचं काय जातंय?"

"तिचं काही जात नसेल. माझं जातं." डापलिन पुन्हा खाली बसली. "उद्या बाजारात लोक म्हणतील, डापलिन नवऱ्याला चोरी करायला लावते. मला हाडं परवडतात, हाडं उकळून खाईन. तू ये, बस, पोरांशी बोल. पुड्या आणू नकोस."

"शानबोर काय म्हणतो?"

"काय म्हणणार? त्याला तिकडं एक पोर झालंय."

तो तिथं झोपला, पहाटे उठला आणि पुडी घेऊन खाली आला. बियांग चूल पेटवत होती. त्यानं पुडी तिच्यापुढं ठेवली.

"हे काय?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. त्यानं सगळं सांगितलं, कोंबडीवालीच्या बघण्यासकट.

बियांगनं पुडी सोडली, बरगडी उलटीपालटी करून पाहिली, वास घेतला आणि मीठ चोळून शिंकाळ्यावर ठेवली. मग म्हणाली, "डापलिन बरोबर वागली."

"पोरं माझी आहेत, बियांग."

"आहेत ना. मी कुठं नाही म्हणते? पण दादा, त्यांना मामा आहे. तो नालायक निघाला तो भाग वेगळा. माझ्या पोरांना मामा कोण? तू. ओलिन ट्रक चालवतो तो पैसा कुठं जातो? त्याच्या बहिणीकडं. मी कधी म्हटलं का त्याला, थोडा इकडं टाक म्हणून? तू आज बरगडी नेलीस. उद्या शेर-दोन शेर नेशील. परवा ओलिननं विचारलं, तुझा भाऊ घरातलं बाहेर नेतो म्हणे, तर मी काय सांगू?"

"मग काय करू? बघत बसू?"

"ते मला ठाऊक नाही," बियांग म्हणाली. "आधी भात खा."

भात त्यानं खाल्ला, पण त्या दिवसापासून त्याचं जेवण उतरलं. मुद्दाम नाही. ताटात मटणाचा तुकडा आला की त्याला इबानचं 'हाडं स्वस्त असतात' आठवे आणि घास तोंडात फिरत राही. एखादा तुकडा तो शेजारच्या भाच्याच्या ताटात सारी. पूर्वी दोनदा भात घेणारा माणूस आता एकदाच घेऊन हात धुवायला उठू लागला. खाटकाचा धंदा अंगमेहनतीचा. अख्खं डुक्कर पाठीवर घेऊन चढ चढायचा असतो. एका सकाळी चढाच्या मध्यावर त्याला थांबावं लागलं. खाली टेकवलेल्या डुकरावर हात ठेवून तो बराच वेळ तसाच उभा होता.

ते बियांगच्या कानावर गेलं. रात्री तिनं त्याच्या ताटात भाताचा ढीग घातला आणि पुढ्यात बसून राहिली.

"हे सगळं संपव."

"भूक नाही."

"दादा, तू उपाशी राहिलास म्हणून त्यांच्या पोटात काही पडत नाही. इथली पोरं मात्र उपाशी पडतील, तू आडवा झालास तर." तिचा आवाज चढला नाही, पण पोरं जेवायची थांबली. "खा."

त्यानं खाल्लं. बियांग त्याच्याकडं बघत होती, पण तिचं लक्ष दुसरीकडंच होतं, एवढं त्याला जाणवलं.

पुढं काय झालं ते त्याला दोन दिवसांनी कळलं. बियांग दुपारी पोरं शाळेत गेल्यावर स्वच्छ जैनसेम नेसून, सुपारी-पानाची पुरचुंडी घेऊन डापलिनच्या घरी गेली होती. नणंद-भावजय एकमेकींना बाजारात भेटत, लग्नात-मौतीत भेटत, 'काँग', म्हणजे ताई, अशी हाक मारत, पण एकमेकींच्या चुलीपाशी बसून बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. दुपारभर त्या बसल्या. सासूही बसली. काय काय बोलल्या ते मोनलांगला कधीच पुरतं कळलं नाही. त्याला कळला तो निकाल, आणि तोही जेवताना, बियांगच्या तोंडून.

"परवापासून डापलिनच्या शेतात नांगर धरायचा आहे तुला."

मोनलांगनं घास खाली ठेवला. "कोणी ठरवलं?"

"आम्ही. तिच्या आईची खाचरं नदीकाठी पडून आहेत. शानबोर काही येत नाही आता. गडी लावायचा तर रोज कुठून द्यायचा? आणि आपल्याकडं गडी आहे, पण खाचरं नाहीत." आईच्या दुखण्यात खाचरं गेली होती, ते सांगायची गरज नव्हती. तेव्हापासून बियांग तांदूळ विकतच घेत होती. "तू नांगर, चिखलणी, कापणी सगळं कर. बाजाराचा दिवस सोडून. पीक अर्धं त्यांचं, अर्धं आपलं."

"आणि मला विचारायचं नाही?"

"आता विचारतेय ना. धरशील का?"

"धरीन."

"मग झालं तर." तिनं त्याच्या ताटात आणखी भात घातला. "डापलिन काय घासाघीस करते रे. बैलाचं भाडं माझ्या वाट्यातून काढायला बघत होती. मी म्हटलं, काँग, बैल दोघींचा. दोन पानं जास्त खाल्ली तिनं, पण ऐकलं."

मोनलांगला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

नदीकाठची खाचरं वर्षभर पडीक राहिल्यानं गवतानं आवळली होती. माती कठीण होती, बैल म्हातारा होता आणि मोनलांगला नांगराची सवय राहिली नव्हती. पहिल्या दिवशी हात सोलवटले. दुसऱ्या दिवशी डापलिननं बांध घालायला शेजारच्या दोन बाया बोलावल्या. या वर्षी आम्ही तुमच्याकडं, पुढं तुम्ही आमच्याकडं, अशा बोलीवर. कामाला लागताना डापलिन म्हणाली, "दुपारी घरी जाऊ नकोस. वेळ मोडतो."

तिला त्यात काही विशेष म्हणायचं नसावं. पण दुपारी ती डोक्यावर टोपली घेऊन बांधावरून येताना दिसली तशी मोनलांग नांगर धरून उभा राहिला. बाया पाण्यात हात धुऊन बसल्यासुद्धा. पानात बांधलेल्या भाताच्या पुड्या टोपलीतून निघाल्या. एक एकीपुढं, एक दुसरीपुढं, एक मोकळ्या जागेवर. मोनलांगनं बैलाचं जू काढलं, उगाच त्याच्या मानेवरून हात फिरवला, पुन्हा एकदा नदीवर जाऊन हात धुतले.

"येतोयस ना?" डापलिननं हाक मारली. "भात गार होतो."

तो आला, पण बसला नाही.

दोघींपैकी थोरली बाई खट्याळ होती. ती म्हणाली, "अगं, तुझा नवरा लाजतोय. आपण तोंड फिरवून बसू का?"

"नवरा घरी," डापलिन म्हणाली. "इथं गडी आहे. गड्याला जेवण द्यावं लागतं, नाहीतर नांगर कसा ओढेल?" आणि मोनलांगकडं बघून, "बस. बियांगशी बोलून घेतलंय मी. कामावरच्या माणसाचं दुपारचं जेवण शेतवाल्याकडं. तिनंच ते सुचवलं."

तो बसला. पान उघडलं. आत भात, वर सुक्या मासळीची चटणी आणि बाजूला चिरलेला टोमॅटो. तिन्ही पानांत सारखंच होतं. त्यानं नकळत तिन्हींकडं नजर टाकली होती, त्यामुळं ते कळलं. त्यानं पहिला घास घेतला आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. चटणी अतोनात तिखट होती. बियांग चटणीला एखाददुसरी मिरची लावी. इथं मिरचीत मासळी शोधावी लागत होती. त्यानं पटकन टोमॅटो तोंडात टाकला.

"कसं झालंय?" डापलिननं विचारलं. ती स्वतः जेवत नव्हती, टोपलीला हात लावून बसली होती.

"तिखट आहे."

"हो? घरी सगळे असंच खातात. इबानला तर वर आणखी एक मिरची लागते."

हे त्याला ठाऊक नव्हतं. इबानला अंधाराची भीती वाटते, तिला गणित येतं, झोपेत ती दात खाते, हे सगळं त्याला ठाऊक होतं. ती मिरची खाते हे नव्हतं. त्यानं पुढचा घास घेतला, जरा लहान. मग त्याच्या पुढचा. बाया आपसात कोणाच्या तरी सुनेबद्दल बोलू लागल्या होत्या. डापलिन त्याच्याकडं बघत नाही असं दाखवत बघत होती. त्यानं पान पुसून खाल्लं.

"उद्या कमी घालते," ती पानं गोळा करताना म्हणाली.

"नको. जसं आहे तसं राहू दे."

थोरली बाई फसकन हसली. "बघ हं, चौदा वर्षं तपश्चर्या केली तेव्हा कुठं चटणी मिळाली बिचाऱ्याला."

डापलिननं तिच्या अंगावर टोमॅटोचा देठ फेकला.

नांगरणी झाली, चिखलणी झाली, लावणीला इबानही शाळा बुडवून आली. कामाच्या दिवसांत दुपारचा घास शेतात आणि रात्रीचा बियांगकडं, असं चालू राहिलं. बाजाराच्या दिवशी इबान येई तेव्हा तो नेमकं तोलून देई. ती पाव किलो मागे, कधी अर्धा. रोपं वर आली, दाणा भरला, आणि या वेळी वाऱ्यानं पीक आडवंही पाडलं नाही.

कापणी संपून खळं चालू होतं त्या दिवशी शानबोर आला. अंगावर नवं जाकीट, हातात बिस्किटांचा डबा. आईच्या पाया पडला, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला. खळ्यात भाताच्या दोन राशी पडल्या होत्या. बियांगची थोरली दोन पोरं त्यातल्या एका राशीची पोती भरून ठेवत होती. शानबोर थोडा वेळ बघत राहिला.

"हे कुठं चाललंय?"

"बियांगच्या घरी," डापलिन म्हणाली. "अर्धेलीनं दिलंय."

"आमच्या आईच्या खाचराचं भात त्या घरी? मला एका शब्दानं विचारलं नाहीत. मी या घरचा मुलगा आहे की नाही?"

मोनलांग पोत्याचं तोंड शिवत होता. त्यानं मान वर केली नाही. हे त्याचं घर नव्हतं, बोलण्याचा हक्क त्याचा नव्हता. शानबोर कसाही वागला तरी या घरचा मुलगा होताच, आणि बोलण्याचा हक्क त्याला होता. ते सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हातारी पायरीवर बसली होती. ती सुपारी चघळत म्हणाली, "नांगराच्या दिवशी ये की. तेव्हा विचारते तुला."

"आई, मला सुटी मिळत नाही."

"मग भात कोण पिकवणार? सुटी?"

शानबोर वरमला. "पैसे पाठवायचे असतात गं. हातात राहतच नाहीत. तिकडं सासूबाई..."

डापलिन त्याच्यावर चिडेल असं मोनलांगला वाटलं होतं. वर्षभर ती पुष्कळ बोलली होती भावाविषयी. पण ती आत गेली, रिकामं पोतं घेऊन आली, आपल्या राशीपाशी बसली आणि सुपानं पोतं भरू लागली.

"हे काय करतेस?" शानबोरनं विचारलं.

"तुझं. घरचं भात आहे. पोराला खाऊ घाल."

"मी न्यायला नव्हतो आलो."

"ठाऊक आहे. मी देतेय."

"तिकडं तांदूळ विकत मिळतो, डापलिन."

"हा नाही मिळत," म्हातारी म्हणाली, आणि तो विषय संपला.

पोतं सुमो गाड्यांच्या थांब्यापर्यंत न्यायचं होतं. मोनलांगनं ते पाठीवर घेतलं. खाटकाची पाठ, त्याला ते जड नव्हतं. शानबोर बिस्किटांचा डबा हलवत शेजारून चालला. बिस्किटं काढून त्यात म्हातारीनं सुपाऱ्या भरून दिल्या होत्या.

"मला राग नाही तुझा," चढ संपल्यावर शानबोर म्हणाला.

"मला ठाऊक आहे."

"तिकडं मला पहिल्यांदा वाढतात. सगळ्यात चांगला तुकडा मला. सासूबाई स्वतः वाढतात. पाहुण्याला वाढतात तसं. पगार दिला की तेवढ्या दिवशी जरा घरचा होतो. मग परत पाहुणा. मी भात जास्त मागत नाही तिथं. मागता येत नाही."

मोनलांगनं पोतं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"डापलिनची चटणी खातोस म्हणे तू," शानबोर म्हणाला. "आई सांगत होती."

"कामावर असलो की."

"सहन होते?"

"आता होते."

शानबोर हसला. "आमच्या घरात सगळ्यांची जीभ जळकी. माझी बायको एक घास खाऊन रडली होती." मग म्हणाला, "पुढच्या नांगरणीला येतो मी. चार दिवस तरी येतो."

"ये. बैल म्हातारा झालाय, दोघं असलो तर बरं."

तो येईल की नाही याचा मोनलांगला भरवसा नव्हता, शानबोरलाही नसावा. गाडीच्या टपावर पोतं बांधून झालं. शानबोर मागच्या बाकावर तिघांच्या मध्ये दाटीवाटीनं बसला, खिडकीतून हात केला आणि गाडी गेली.

मोनलांग परत फिरला तेव्हा दुपार कलली होती आणि त्याला सपाटून भूक लागली होती. खळ्यातलं काम संपलं होतं, म्हणजे तो आता कामावरचा गडी नव्हता. डापलिनच्या घराची वाट वर जात होती, ती सोडून तो खाली बियांगकडं आला. पोती भिंतीशी रचून ठेवलेली होती. बियांगनं त्यातलं थोडं भात कांडून लगेच चुलीवर चढवलं होतं. विकतच्या जुन्या तांदळाला ती नेहमी जितकं पाणी घाली तितकंच याला घातलं होतं. नव्या तांदळाला एवढं पाणी लागत नाही, हे ती इतक्या वर्षांत विसरून गेली होती. भात पार गिजका झाला होता.

"बिघडला," ती पळी आपटत म्हणाली.

"वाढ," मोनलांग म्हणाला आणि भाच्यांच्या ओळीत बसला.

पोरांनी दोन-दोनदा भात मागून घेतला. त्यानंही घेतला.